ताडोबात पहिल्यांदा राहायला जाताय? आधी गेट ठरवा, मग लॉज

आमचा पहिला लॉज मी फोटो बघून निवडला होता. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, समोर बांबूचं बेट, शेजारी निळाशार तरणतलाव. लॉज कोलाऱ्याच्या बाजूला होता. सफारीचं तिकीट ठरावीक गेटचं, म्हणजे जंगलाच्या एका प्रवेशद्वाराचं असतं. ते काढायला बसले तेव्हा हव्या त्या तारखेला फक्त मोहर्ली गेट शिल्लक होतं, तेच घेतलं. दोन्ही गावं नकाशावर त्याच हिरव्या पट्ट्याच्या कडेला दिसत होती, त्यामुळे आम्ही निवांत. पहिल्या रात्री जेवताना मॅनेजरला सहज विचारलं, "सकाळी किती वाजता तयार राहू?" तो पोळी वाढता वाढता थांबला. "मोहर्ली? मग तीनलाच निघा लागते ताई."

कोलारा जंगलाच्या उत्तरेला, मोहर्ली दक्षिणेला. मधून जायला तुमच्या गाडीला परवानगी नाही, त्यामुळे चिमूर-वरोरा-भद्रावतीकडून वळसा. सासूबाई, दोन मुलं आणि आम्ही दोघं त्या अंधारात कसे निघालो आणि कोणी कोणाशी किती वेळ बोललं नाही, ते सांगत बसत नाही. त्यानंतर सात-आठ वेळा ताडोबाला जाऊन राहिले. ओळखीतलं कोणी निघालं की मला फोन येतो आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगते. ते सगळं इथे एकदाच लिहून ठेवते. बाकी अभयारण्यांचे नियम थोडे वेगळे असतात, पण कामांचा क्रम बहुतेक हाच.

१. महिना आणि वार

कोर म्हणजे गाभ्याचं जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतं, आणि एरवी दर मंगळवारी बंद. मंगळवारची सुट्टी दरवर्षी कोणाला तरी नडते. सोमवारी पोचायचं, मंगळवारी सफारी, बुधवारी परत, असा बेत करून लॉजचे पैसे भरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. पावसाळ्यात बफरमधली, म्हणजे कोरभोवतीच्या पट्ट्यातली, काही गेटं चालू असतात, पण रस्त्याच्या अवस्थेवर सगळं अवलंबून.

वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त. एप्रिल-मे मध्ये पानगळ झालेली असते, पाणी मोजक्या तळ्यांत आणि पाणवठ्यांत उरलेलं असतं, आणि वाघाला पाण्यात बसायला आवडतं. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे ४५ अंशांच्या वर जाणारा पारा आणि उघडी जिप्सी, म्हणजे सफारीची जीप. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल किंवा मूल लहान असेल तर फेब्रुवारी-मार्च धरा. पळस फुललेला असतो, सकाळी गारवा असतो, आणि गवतही बऱ्यापैकी बसलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं जंगल दिसायला सगळ्यात देखणं, पण गवत आणि बांबू इतका दाट की वाघ दहा फुटांवर बसलेला असला तरी तुम्हाला पत्ता नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच बोचते.

दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळाच. कोरचं शुल्क शनिवार-रविवारी जास्त असतं आणि गर्दीही तेव्हाच.

२. गेट

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून सविस्तर.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून १९९५ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प झाला. कोर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, त्याच्याभोवती त्याहून मोठा बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, आणि तुमचा लॉजही तिथेच असणार. "जंगलाच्या मधोमध" असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी खासगी लॉज कोरच्या बाहेरच असतो, हे लक्षात ठेवा.

कोरची मुख्य गेटं: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी. मोहर्ली सगळ्यात जुनं आणि गजबजलेलं. चंद्रपूरहून ३० किलोमीटरच्या आसपास. राहायच्या सोयी इथे भरपूर आहेत, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं आणि वनविकास महामंडळाचं निवासही इथे आहे. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणारा डांबरी रस्ता आतून जातो. त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले मानले जाणारे उंच दगडी खांब उभे आहेत. त्यांच्यातून दोर ओवून घंटा बांधत आणि राजाच्या येण्याजाण्याची वर्दी देत, असं गाईड सांगतात. खुटवंडा मोहर्लीच्या जवळ पडतं. कोलारा नागपूरकरांना सोयीचं, नवेगाव त्याच्या बाजूचं. झरी आणि पांगडीला गर्दी कमी.

बफरची गेटं आणखी वेगळी: आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, पळसगाव अशी बरीच. बफर म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. वाघाला कोर आणि बफरची रेघ दिसत नाही. मला आजवरचं सगळ्यात चांगलं अस्वल बफरमध्येच दिसलं, भर चार वाजता, वारुळात तोंड खुपसून.

माझा सल्ला: दोन रात्री असतील तर एकाच बाजूची गेटं घ्या. उत्तरेची घ्या नाहीतर दक्षिणेची. "दोन्हीकडचं बघू" हा मोह पाच रात्री असतील तेव्हा करा.

३. सफारीचं तिकीट

तिकिटं ताडोबाच्या अधिकृत सरकारी संकेतस्थळावर मिळतात. शोधायला गेलात की त्याच नावाशी मिळतीजुळती चार-पाच खासगी संकेतस्थळं वरच दिसतील. वाघाचा फोटो, सरकारीसारखं दिसणारं चिन्ह, आणि खाली व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक. तिथे पैसे देऊ नका. पत्ता महाराष्ट्र वनविभागाचा आहे आणि शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे, हे तपासा. लॉजवाले तिकीट काढून देतात, बरेच जण प्रामाणिकपणे देतात, पण शुल्क किती आणि त्यांचा मोबदला किती हे वेगवेगळं लिहून मागा. आणि तिकिटाची प्रत हातात आल्याशिवाय "बुकिंग झालं" असं मानू नका. एका वर्षी आमच्या एका एजंटाने "कन्फर्म आहे, कन्फर्म आहे" म्हणत आदल्या दिवसापर्यंत झुलवलं होतं.

तिकीट काढताना या गोष्टींकडे लक्ष द्या:

- एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड. तुम्ही तिघंच असलात तरी गाडी पूर्ण घेतली असेल तर पैसे पूर्ण गाडीचे.
- प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. सासूबाईंना घरात सगळे शैलाताई म्हणतात, आधारवर त्यांचं माहेरचं जन्मनाव आहे. मी सवयीने शैला लिहिलं. गेटवर वीस मिनिटं विनवण्या केल्या तेव्हा सुटलो.
- नावं नंतर बदलता येत नाहीत असं धरून चाला. "मावशी येणार नाही, तिच्याजागी काका" हे चालत नाही.
- सकाळ की दुपार, हे नीट बघा. पहिल्याच दिवशी दुपारची सफारी घेणार असाल तर रेल्वे उशिरा येईल हे धरूनच घ्या.
- जिप्सी आणि गाईडचे पैसे भरलेल्या रकमेत आहेत की गेटवर द्यायचे, हे पावतीवर वाचा. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळं शुल्क लागू शकतं.

किती सफारी घ्याव्यात? एक घेऊन जाऊ नका. एवढ्या लांब जाऊन एकच फेरी, आणि तीही रिकामी गेली तर घरचे वर्षभर टोमणे मारतात. तीन चांगल्या, चार उत्तम. पाचवीला मुलं गाडीत झोपतात.

४. मग लॉज

गेट आणि तिकीट हातात आल्यावर लॉज शोधा. आता शोधणं सोपं होतं, कारण प्रश्न एकच उरतो: या गेटपासून वीस-पंचवीस मिनिटांत काय आहे? गावातल्या होमस्टेपासून एका रात्रीला महिन्याच्या किराण्याएवढे पैसे घेणाऱ्या तंबूंपर्यंत सगळं आहे. फोन करून हे विचारा:

"माझ्या गेटपर्यंत पहाटे किती वेळ लागतो?" किलोमीटर विचारू नका, वेळ विचारा.

"दरात काय काय आहे?" लॉजवाल्यांची भाषा वेगळी असते. 'एपी' म्हणजे खोली आणि तिन्ही वेळचं जेवण. 'जंगल प्लॅन' म्हणजे त्यात सफारीही धरलेल्या. पण किती सफारी, कोर की बफर, जिप्सी पूर्ण की दुसऱ्यांबरोबर वाटून, हे लिहून घ्या. "जंगल प्लॅनमध्ये दोन सफारी" म्हणून गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांना दोन्ही बफरच्या निघाल्या. फसवणूक म्हणता येणार नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"वीज गेली तर काय?" मे महिन्यात हा प्रश्न तरणतलावापेक्षा मोलाचा आहे. जनरेटरवर पंखे चालतात की एसीही, हेही विचारा.

"सफारीला नाश्ता बांधून देता का?" सकाळच्या फेरीतून परत यायला साडेदहा-अकरा होतात.

"वाघ नक्की दिसेल का?" हे विचारू नका. आणि विचारल्यावर जो "शंभर टक्के" म्हणेल, तिथे राहू नका.

लग्नाच्या हॉलसारखे स्पीकर लावणारे लॉजही आहेत. अभिप्राय वाचताना "मुलांनी खूप एन्जॉय केलं, रात्री डीजे होता" अशी ओळ दिसली की मी पुढे सरकते.

५. पोचायचं कसं

विमान नागपूरपर्यंत. मुंबई-पुण्याकडून रेल्वेनेही नागपूर सोपं. विदर्भ एक्सप्रेस, दुरांतो अशा रात्रीच्या गाड्या आहेत. मोहर्लीच्या बाजूला राहणार असाल तर थेट चंद्रपूर किंवा बल्लारशाला उतरणं बरं. नागपूरहून मोहर्ली साधारण १४० किलोमीटर, वरोरा-भद्रावतीवरून तीन तास. कोलारा उमरेड-भिसी-चिमूरमार्गे सुमारे ११० किलोमीटर.

स्टेशनवरून टॅक्सी लॉजकडूनच ठरवा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोचा. शेवटचा रस्ता जंगलातून जातो. तिथे रानडुकरं, सांबरं आडवी येतात, आणि कधी कधी ज्याच्यासाठी आलात तोही. पैसे चंद्रपूर, चिमूर किंवा वरोऱ्यातच काढून ठेवा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण मोबाईलची रेंज चालेलच असं नाही.

६. बॅगेत काय

कागदपत्रं:

- तिकिटाची छापील प्रत, दोन
- तिकिटावर ज्याचा क्रमांक दिलाय तेच मूळ ओळखपत्र. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो यावर विसंबू नका
- मुलांचं आधार
- लॉजच्या बुकिंगचा कागद, आगाऊ रकमेच्या नोंदीसह

मूळ ओळखपत्राबद्दल पुन्हा सांगते, कारण मोबाईल आत नेऊ देत नाहीत. ताडोबाच्या कोरमध्ये मोबाईलला बंदी आहे. "सगळं फोनमध्ये आहे" म्हणणाऱ्याची पहाटे गेटवर काय अवस्था होते, ते बघवत नाही. फोटो काढायचे तर साधा का होईना, कॅमेरा न्या. आणि मनगटी घड्याळ.

कपडे खाकी, मातकट, शेवाळी, मळखाऊ. लाल-पांढरे-भगवे टाळा. खास 'जंगल प्रिंट'ची चट्टेरीपट्टेरी जर्सी विकत घ्यायची काहीही गरज नाही. ओढणी किंवा मोठा रुमाल हवाच. पुढच्या जिप्सीची धूळ थेट नाकात जाते. हिवाळ्यात कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट. उघड्या गाडीत पहाटेची थंडी दुप्पट लागते. पंढरीच्या वारीतल्यासारखं घोंगडं पांघरून बसलेले साहेबलोक मी पाहिलेत. दुर्बीण एक तरी असू द्या, आठ बाय चाळीसची पुरते. डासांसाठी मलम, टॉर्च, स्वतःची पाण्याची बाटली, नेहमीची औषधं, मानेला लागणाऱ्या गचक्यांसाठी बाम. अत्तर घरी ठेवा.

७. लॉजवरची पहिली संध्याकाळ

पोचल्या पोचल्या तीन कामं करा. तिकीट दाखवून उद्याची निघायची वेळ पक्की करा. उठवायला कोण येणार ते विचारा. ओळखपत्रं एका पाकिटात घालून दाराजवळ ठेवा.

अंधार पडल्यावर आवाराबाहेर फिरायला जायचं नाही. शतपावलीसुद्धा नाही. "गावातली माणसं जातात की" असं आपण म्हणतो. ती जातात कारण त्यांना जावंच लागतं, आणि या जिल्ह्यात दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत जास्त. आपल्या सहलीचा वाघ आणि त्यांच्या शेताच्या बांधावरचा वाघ एकच आहे. चहाच्या टपरीवर "काल दिसला का हो?" असं उत्साहाने विचारताना एवढं लक्षात असू द्या.

बूट बाहेर काढून ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला, विंचू असतो. खोलीत पाल दिसली तर रिसेप्शनला फोन करू नका. माकडांना बिस्किट देऊ नका, नाहीतर पुढच्या पाहुण्याची पर्स जाते.

जेवणात पनीर बटर मसाला सांगणार असाल तर तुमची मर्जी. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारते: पाटोडीचा रस्सा होईल का, वडाभात होईल का, वांग्याचं भरीत? गावातल्या बायका स्वयंपाक करत असतील तर चेहरा खुलतो त्यांचा. एक सावधगिरी: "वर सांबार टाकू का?" असं कोणी विचारलं तर दचकू नका. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. माझा धाकटा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तो ताट सोडून उठला होता.

८. सफारीची सकाळ

वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, पण सकाळची फेरी साधारण उजाडताना आणि दुपारची अडीच-तीनच्या सुमारास सुरू होते. अर्धा तास आधी गेटवर हजर राहा. शौचालय लॉजवरच उरकून घ्या. आत ठरलेल्या जागीच उतरता येतं.

गेटवर ओळखपत्रं तपासतात आणि गाईड बहुतेक वेळा पाळीने मिळतो. हे गाईड आसपासच्या गावांतलेच, हल्ली बायकाही बऱ्याच आहेत. बसल्या बसल्या नाव विचारा आणि एक वाक्य सांगून टाका: "आम्हाला सगळं बघायचंय, घाई नाही." या एका वाक्याने फेरी बदलते. नाहीतर "दादा, फक्त वाघ" म्हणणाऱ्यांना तो बिचारा चार तास एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर पळवतो, आणि रानकुत्र्यांची टोळी, गवे, नवरंग पक्षी, ताडोबा तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर हे सगळं मागे धुळीत जातं. जामणीचं कुरण बघाल तेव्हा विचारा, तिथे आधी काय होतं. तिथे गाव होतं. ते उठवून बाहेर वसवलं आणि घरांच्या जागी आज चितळं चरतात.

ताडोबा हे नाव तारू या गोंड वीराचं, असं मानतात. वाघाशी झुंजताना तो गेला आणि देव झाला. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी बांधव तिथे येतात.

आता कान. जंगलात डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त दिसतं, कारण वाघाची चाहूल लागली की बाकीचे प्राणी ओरडून सावध करतात. गाईडने हात वर केला आणि गाडी बंद झाली की बोलणं थांबवा, पिशवीची चेन ओढणं थांबवा, वेफर्सचं पाकीट तर अजिबात नाही. मार्चमधली एक सकाळ मला आठवते. सागाची वाळकी पानं खाली पडत होती आणि प्रत्येक पान पापड मोडल्यासारखं वाजत होतं. आधी वानर खाकरलं. मग चितळ ओरडलं. गाईड हलली नाही. म्हणाली, "चितळाचं काय, ते पान पडलं तरी ओरडते." पाच मिनिटांनी बांबूच्या मागून एकच आवाज आला, ढांक, भांड्यावर बुक्की मारल्यासारखा. सांबर. तेव्हा ती सीटवर उभी राहिली. "हे खोटं नाही बोलत." गाडी पन्नास फूट मागे घेतली आणि वाट मोकळी ठेवून थांबलो. वाघीण रस्त्यावर आली, आमच्याकडे न बघता झाडाला पाठ वळवून मूत्राचा फवारा सोडला, आणि पलीकडे उतरली. अर्धं मिनिट असेल. माझ्या कॅमेऱ्यात शेपूट आलंय.

एखाद्या वाघाभोवती वीस जिप्सी जमल्या असतील तर चालकाला "घुसव ना" म्हणू नका. वाघाची वाट अडवली तर कारवाई त्याच्यावर होते, त्याचे महिनाभराचे दिवस बुडतात, आणि तुम्ही तोवर घरी पोचलेले असता. काही पडलं तर खाली उतरू नका, अगदी टोपी असली तरी. गाईडला सांगा.

९. निघायचा दिवस

शेवटच्या दिवशी सकाळची सफारी घेतली असेल तर एक अडचण हमखास येते: लॉजचं चेकआऊट दहाला आणि तुम्ही जंगलातून परत येणार अकराला. बुकिंग करतानाच उशिरा खोली सोडण्याचं लेखी घ्या, नाहीतर बॅगा पहाटेच भरून रिसेप्शनला ठेवा आणि आंघोळीपुरती एक खोली मागा. बहुतेक जण देतात.

बक्षिशी गाईड आणि चालक दोघांच्या हातात वेगवेगळी द्या, आणि वाघ दिसला नाही म्हणून कापू नका. लॉजवर एक डबा ठेवलेला असेल तर त्यात टाकलेले पैसे भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचतात.

परतीची गाडी नागपूरहून असेल तर ती संध्याकाळनंतरची घ्या. आणि घरी पोचल्यावर कॅमेऱ्याची बॅग बैठकीत उघडू नका, गॅलरीत नेऊन उघडा. ती तांबडी धूळ सोफ्यातून दिवाळीपर्यंत निघत राहते.